मोठ्या लीगच्या खाली: अमेरिकन सॉकरमध्ये आपला क्लब निवडताना

इंग्लंडमध्ये पाचव्या श्रेणीतल्या क्लबवर जीव लावणाऱ्या माणसाकडे एक आशा कायम शिल्लक असते. संघ जिंकत राहिला तर वरच्या श्रेणीत जाईल, आणखी जिंकला तर आणखी वर. अमेरिकेत ही आशा मैदानावर मिळत नाही. मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, ही बंद लीग आहे आणि तिच्यात शिरायचं तर प्रवेश विकत घ्यावा लागतो. सॅन दिएगोला 2023 मध्ये तिसावा संघ म्हणून जागा मिळाली तेव्हा प्रवेशशुल्क 50 कोटी डॉलरच्या घरात होतं. खालच्या लीगमधल्या संघानं सलग दहा वर्षं विजेतेपद मिळवलं तरी हे दार त्यानं उघडत नाही.

मग या देशात खालच्या श्रेणीतला क्लब निवडायचा तो कशाच्या जोरावर? हा प्रश्न आता अनेक मराठी घरांतही येतो. न्यू जर्सी, मिशिगन, कॅलिफोर्नियात वाढणारी मुलं शाळेपासून सॉकर खेळतात. एमएलएसची तिकिटं महाग असतात, स्टेडियम लांब असतं, आणि वीस मिनिटांच्या अंतरावर कुठल्याशा छोट्या क्लबचा सामना शनिवारी संध्याकाळी चाललेला असतो. शिवाय भारतात बसून हे जग पाहणारेही आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला दिसतो, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेसातला.

आधी उतरंड पाहू. सर्वांत वर एमएलएस. दुसऱ्या श्रेणीत युनायटेड सॉकर लीग (यूएसएल) या संस्थेची चॅम्पियनशिप, 2025 मध्ये 24 संघांची. तिसऱ्या श्रेणीत 2019 साली सुरू झालेली यूएसएल लीग वन आणि 2022 साली एमएलएसनंच सुरू केलेली नेक्स्ट प्रो. त्याखाली हौशी आणि अर्धहौशी संघांचं मोठं रान आहे: यूएसएल लीग टू, एनपीएसएल आणि इतर. लीग टूमध्ये शंभराहून कितीतरी अधिक क्लब असून ते मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कॉलेज खेळाडूंच्या जिवावर चालतात.

कोण कोणत्या श्रेणीत हे खेळाच्या दर्जापेक्षा कागदपत्रांवर ठरतं. राष्ट्रीय महासंघाच्या निकषांनुसार दुसऱ्या श्रेणीसाठी मुख्य मालकाची संपत्ती किमान 2 कोटी डॉलर आणि मैदानात किमान 5 हजार आसनं लागतात. श्रेणीचा आकडा मालकाच्या ऐपतीबद्दल बरंच सांगतो, क्लबबद्दल थोडंच. निवड करताना त्या आकड्याकडे मी फारसं पाहत नाही. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा क्लब उद्या बंद पडला तर तो वाचवायला कोण उभं राहील, आणि वाचवण्याची ताकद त्यांच्या हातात असेल का?

प्रश्न निष्ठुर वाटेल, पण रोचेस्टरची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला तो टाळता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या या शहराच्या रायनोज संघानं 1999 मध्ये यूएस ओपन कप जिंकला. ही स्पर्धा 1913–14 च्या हंगामापासून चालत आली आहे आणि तिच्यात हौशी संघापासून एमएलएसपर्यंत सगळ्यांना एकमेकांसमोर यायची संधी असते. रायनोजनी अंतिम सामन्यात कोलोराडो रॅपिड्सला 2–0 हरवलं. एमएलएस सुरू झाल्यापासून तिच्या बाहेरच्या क्लबनं हा चषक जिंकल्याचं हे एकमेव उदाहरण आहे. एमएलएसमध्ये जाणारं पुढचं शहर रोचेस्टरच, असं त्या काळात गंभीरपणे बोललं जाई. नंतर पैसा आटला, मालक बदलले आणि 2017 च्या हंगामानंतर संघ मैदानावरून गेला. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी वार्डी सहमालक झाल्यावर 2022 मध्ये तो नव्या नावानं नेक्स्ट प्रोमध्ये परतला, एक हंगाम खेळला आणि 2023 च्या मार्चमध्ये कायमचा बंद झाला. इतिहास होता, चषक होता, प्रसिद्ध मालक होता. तरीही क्लब टिकला नाही, कारण तो टिकवण्याचा निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांना तो परवडत नव्हता, आणि ज्यांना तो हवा होता त्यांच्या हातात काही नव्हतं.

सॅन दिएगो लॉयलचा शेवट मला याहून जास्त टोचतो. माजी अमेरिकन खेळाडू लँडन डोनोव्हनच्या मार्गदर्शनाखाली 2020 मध्ये खेळू लागलेला हा संघ त्याच वर्षी फीनिक्स रायझिंगविरुद्ध मध्यंतराला 3–1 आघाडीवर होता. संघातल्या समलिंगी खेळाडूला प्रतिस्पर्ध्यानं शिवी दिली होती. कारवाई होत नाही असं पाहून लॉयलचा संघ उत्तरार्ध सुरू होताच मैदान सोडून निघून गेला. हातातला विजय गेला आणि बाद फेरीची संधीही गेली. इतक्या कोवळ्या वयात स्वतःची ओळख इतकी ठाम करणारे क्लब थोडेच असतात. 2023 च्या मे महिन्यात शहराला एमएलएसचा वेगळा संघ जाहीर झाला. लॉयलला स्वतःसाठी नीट मैदान मिळेना, आणि तो हंगाम त्यांचा शेवटचा ठरला. चाहत्यांनी काही चूक केली नव्हती. शहरात मोठा पैसा आला आणि धाकट्याला जागा उरली नाही.

वर जाण्याची वाटही अशीच दुसऱ्याच्या हातात असते. सॅक्रामेंटो रिपब्लिकला 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एमएलएसनं प्रवेश जाहीर केला, शहरानं जल्लोष केला, आणि 2021 च्या फेब्रुवारीत मुख्य गुंतवणूकदारानं अंग काढून घेतल्यावर सगळं मावळलं. पुढच्याच वर्षी या क्लबनं ओपन कपमध्ये सॅन होजे, लॉस एंजेलिस गॅलक्सी आणि पेनल्टी शूटआउटमध्ये स्पोर्टिंग कॅन्सस सिटी, अशा तीन एमएलएस संघांना बाहेर काढलं आणि अंतिम फेरी गाठली. तिथे ऑर्लँडोनं 3–0 हरवलं. मला ती मोहीम या दशकातली अमेरिकन सॉकरमधली सर्वांत सुंदर घटना वाटते. 2024 च्या अखेरीस विल्टन रँचेरिया या मूलनिवासी जमातीनं क्लबची बहुसंख्य मालकी घेतली. जमात शहर सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवणार नाही. क्लबला याहून चांगला मालक मिळणं अवघड होतं.

आता ज्या क्लबपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो तो डेट्रॉइट सिटी. गोष्ट शहरातल्या वस्त्यावस्त्यांच्या हौशी लीगपासून सुरू होते. 2010 मध्ये शेजारीपाजारी एकमेकांना ओळखू लागावेत म्हणून ती लीग निघाली. तिच्यातल्या पाच मित्रांनी 2012 मध्ये क्लब काढला आणि कॅस टेक्निकल हायस्कूलच्या मैदानावर चौथ्या श्रेणीतले सामने सुरू झाले. नॉर्दर्न गार्ड हा समर्थकांचा गट धूर, ढोल आणि अखंड गाण्यांनी नव्वद मिनिटं उभा राहू लागला. शाळेचं मैदान अपुरं पडलं. मग क्लबनं हॅमट्रॅमिक या डेट्रॉइटनं जवळजवळ चारही बाजूंनी वेढलेल्या चिमुकल्या शहरातलं कीवर्थ स्टेडियम निवडलं. महामंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून 1936 मध्ये ते बांधलं गेलं होतं आणि त्याचं उद्घाटन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी केलं होतं. तोवर त्याची पडझड झाली होती. डागडुजीसाठी क्लबनं बँकेकडे न जाता चाहत्यांकडे हात पसरले. मिशिगनच्या नव्या कायद्यानं सामान्य नागरिकाला स्थानिक उद्योगात छोटी रक्कम गुंतवता येत होती. पाचशेहून अधिक लोकांनी मिळून सुमारे साडेसात लाख डॉलर कर्जाऊ दिले आणि 2016 मध्ये कीवर्थ पुन्हा गजबजलं.

हॅमट्रॅमिक पूर्वी पोलिश कामगारांचं गाव होतं. आज तिथे येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात, आणि शुक्रवारच्या नमाजाची हाक आणि शनिवारच्या सामन्याचा गलका एकाच वस्तीत ऐकू येतो. हे सगळं घडत असताना 2016 मध्ये दोन अब्जाधीशांनी डेट्रॉइटसाठी एमएलएसचा वेगळा प्रस्ताव मांडला होता. तो प्रस्ताव विरला, सिटी राहिला. 2020 मध्ये क्लबनं आपला दहा टक्के हिस्सा चाहत्यांना खुला केला, 2022 मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत आला आणि त्याच वर्षी कीवर्थवर ओपन कपमध्ये एमएलएसच्या कोलंबस क्रूला 2–1 हरवलं. जर्मनीचा सेंट पाउली 2018 मध्ये इथे मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला, तोही योगायोग नव्हता. दोन्हीकडच्या स्टँडमधली माणसं एकाच प्रकारची आहेत. आता क्लब डेट्रॉइट शहरातच नवं स्टेडियम उभारायच्या मागे आहे. मोठ्या जागेत जुना आवाज टिकेल का, ही काळजी त्यांच्या चाहत्यांना आहे आणि मलाही आहे.

चाहत्यांची मालकी म्हटलं की पुढचं नाव टेनेसीतल्या चॅटनूगाचं. 2009 मध्ये निघालेल्या या क्लबनं 2015 मध्ये हौशी लीगच्या अंतिम सामन्याला फिनली स्टेडियममध्ये 18,227 प्रेक्षक आणले. चौथ्या श्रेणीच्या सामन्याला एवढी गर्दी पाहून सगळ्या देशाच्या भुवया उंचावल्या. 2019 मध्ये यूएसएलनं त्याच शहरात रेड वुल्व्ज हा नवा व्यावसायिक क्लब उतरवला. चॅटनूगा एफसीनं उत्तर दिलं ते शेअर विकून: तीन हजारांहून अधिक माणसं, अमेरिकेच्या सर्व राज्यांतली आणि परदेशातलीही, क्लबची भागीदार झाली. इथपर्यंतची हकिकत ऐकून ऊर भरून येतो. पण 2024 मध्ये हाच क्लब एमएलएसच्या नेक्स्ट प्रो लीगमध्ये गेला. तिथले बहुतेक प्रतिस्पर्धी म्हणजे मोठ्या क्लबांचे राखीव संघ. जी व्यवस्था नाकारून हा क्लब वाढला, तिच्याच अंगणात तो गेला, असं अनेक समर्थकांना वाटलं. व्यवस्थापनाची बाजूही खोटी नव्हती. तिसऱ्या श्रेणीतल्या ज्या निसा लीगमध्ये ते खेळत होते ती ढासळत चालली होती आणि कुठेतरी खेळायला तर हवंच.

यातून शेअर घेणाऱ्यानं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अमेरिकेत चाहत्यांना विकला जाणारा हिस्सा सहसा लहान असतो. त्यातून नफा मिळण्याची शक्यता जवळपास नसते, आणि मताचा अधिकार किती हे प्रत्येक क्लबच्या कागदावर वेगळं असतं. जर्मनीत सभासदांकडे बहुमत राखणारा नियम आहे, तसा इथे नाही. शंभर-सव्वाशे डॉलर देऊन मिळतं ते नातं. नियंत्रण हवं असेल तर कागद वाचावा आणि संचालक मंडळात चाहत्यांचा प्रतिनिधी आहे का, शहर किंवा नाव बदलायला चाहत्यांची संमती लागते का, हे विचारावं. एवढं करूनही मी असा शेअर घेण्याच्या बाजूनं आहे. ज्या क्लबची तीन हजार माणसं भागीदार आहेत तो रात्रीत गुंडाळणं कुणालाही जड जातं.

ओकलंडमध्ये या नात्याला वेगळी धार आहे. बास्केटबॉलचा वॉरियर्स 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला, रेडर्स पुढच्या वर्षी लास व्हेगासला, आणि 2024 नंतर बेसबॉलचा अ‍ॅथलेटिक्सही शहर सोडून गेला. मागे उरला रूट्स. या क्लबनं 2023 मध्ये पाच हजारांहून अधिक छोट्या गुंतवणूकदारांना सामील करून घेतलं आणि 2025 च्या हंगामाचा पहिला घरचा सामना, रेडर्स आणि अ‍ॅथलेटिक्सनी रिकाम्या केलेल्या कोलिझियममध्ये, 26,575 प्रेक्षकांसमोर खेळला. बे एरियातल्या मराठी वाचकानं फार शोधाशोध करू नये, असं मी म्हणेन.

जागेशी घट्ट बांधलेले आणखीही क्लब आहेत. विस्कॉन्सिनच्या फॉरवर्ड मॅडिसनच्या चिन्हावर फ्लेमिंगो आहे, कारण 1979 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या टेकडीवर 1,008 प्लास्टिकचे फ्लेमिंगो रोवले होते आणि 2009 मध्ये शहरानं त्याला अधिकृत पक्ष्याचा मान दिला. न्यू मेक्सिको युनायटेड हा अख्ख्या राज्याचा क्लब आहे, तरी 2021 मध्ये त्याच्या स्टेडियमसाठीचा 5 कोटी डॉलरचा रोखे-प्रस्ताव अल्बुकर्कीच्या मतदारांनी फेटाळला. प्रेम आणि कर यांच्यात लोक फरक करतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. रिचमंड किकर्स आणि चार्ल्सटन बॅटरी 1993 पासून तग धरून आहेत. दीर्घायुष्य हा गुण तुम्हाला सर्वांत मोठा वाटत असेल तर या दोघांकडे आधी पाहा. मेन राज्यातल्या पोर्टलंडचा हार्ट्स ऑफ पाइन 2025 मध्येच आला आणि पहिल्याच हंगामात मैदान भरू लागलं.

एमएलएस क्लबांचे राखीव संघ मात्र मी यादीतून काढून टाकतो. तिथे तरुण खेळाडू गुणी असतात, तिकीट स्वस्त असतं, खेळ पाहायला जरूर जावं. पण ज्या संघाचं काम वरच्या संघाला माणसं पुरवणं हेच आहे, त्याच्या हरण्या-जिंकण्याला अर्थ कसा द्यायचा?

याउलट हौशी क्लबांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. मेरीलँडमधला क्रिस्टोस एफसी हा एका दारूच्या दुकानाच्या नावानं खेळणारा, स्वतःचं सरावाचं मैदानही नसलेला संघ. 2017 च्या ओपन कपमध्ये त्यानं डीसी युनायटेडविरुद्ध पहिला गोल केला आणि शेवटी 4–1 हरला. मिनियापोलिस सिटी सभासदांच्या मालकीवर चालतो. बर्लिंग्टनच्या व्हरमाँट ग्रीननं तर पर्यावरणीय न्याय हेच क्लबचं घोषित उद्दिष्ट ठेवलं. 2022 पासून खेळणाऱ्या या क्लबचे उन्हाळी सामने व्हर्च्यू फील्डवर भरगच्च होतात, आणि 2025 मध्ये त्यानं घरच्या मैदानावर सिअ‍ॅटलच्या बॅलार्डला 2–1 हरवून लीग टूचं विजेतेपद घेतलं. इथला हंगाम मे ते जुलै एवढाच. खेळाडू ऑगस्टमध्ये कॉलेजला परततात, पुढच्या वर्षी चेहरे बदललेले असतात. त्यामुळे प्रेम करायचं ते क्लबवर आणि गावावर. आवडता खेळाडू दोन उन्हाळेही टिकेल याची खात्री नाही.

महिलांच्या बाजूला मिनेसोटा ऑरोरा हे नाव घेतल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. तीन हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे 10 लाख डॉलर जमवले आणि 2022 मध्ये संघ मैदानात उतरवला. पहिल्याच हंगामात तो अंतिम फेरीत पोहोचला आणि सहा हजारांवर घरच्या प्रेक्षकांसमोर साउथ जॉर्जिया टॉर्मेंटाकडून 2–1 हरला. वरच्या व्यावसायिक लीगमध्ये जाण्याचा त्यांचा प्रयत्न भांडवलापाशी अडला. क्लब मात्र चालू राहिला.

बंद लीगचे चटके गोव्याच्या वाचकाला समजावून सांगायला नकोत. 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो हे तिन्ही क्लब, आयएसएलला वरचं स्थान देणाऱ्या आराखड्याच्या निषेधार्थ, आय-लीगमधून बाहेर पडले होते. आपल्याकडे 2023 पासून आय-लीगच्या विजेत्याला वर जायची वाट तरी मिळाली.

अमेरिकेतही आता हालचाल आहे. यूएसएलनं 2025 च्या फेब्रुवारीत स्वतःची पहिल्या श्रेणीची लीग काढायचं जाहीर केलं, आणि मार्चमध्ये तिच्या क्लबमालकांनी बढती-घसरणीच्या बाजूनं मत दिलं. सुरुवात 2027–28 च्या सुमारास करायचं तेव्हा ठरलं होतं. एमएलएस यात नाही, तरी पहिल्यांदाच अमेरिकन व्यावसायिक क्लबला मैदानावरच्या कामगिरीनं वर जाता येईल आणि खालीही यावं लागेल. मी याचं मनापासून स्वागत करतो. चिंता इतकीच की घसरणीनंतर जाहिरातदार आणि प्रक्षेपणाचा पैसा कमी होईल तेव्हा अमेरिकन मालक किती दम धरतील. इंग्लंडमध्ये घसरलेल्या क्लबामागे शंभर वर्षांची पिढ्यान्‌पिढ्यांची गर्दी असते. इथे अनेक क्लबांचं वय दहा वर्षंही नाही. म्हणून आज निवड करताना खाली गेल्यावरही मैदान भरेल असा क्लब शोधणं जास्त महत्त्वाचं झालं आहे. कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा फुटबॉल संघ निवडायचा प्रश्न येत नाही, पेठेनं तो जन्मतःच सोडवलेला असतो. अमेरिकेत ती पेठ चाहत्यांना स्वतः उभी करावी लागते.

मला कुणी थेट नाव विचारलं तर उत्तर अंतरावर अवलंबून असेल. तासाभराच्या अंतरात कोणताही स्वतंत्र क्लब असेल, अगदी चौथ्या श्रेणीतला, तर तोच. समर्थकांच्या गटात उभं राहणं, ओपन कपच्या सुरुवातीच्या फेरीला मंगळवार-बुधवारच्या रात्री जाणं, हे पडद्यावरून होत नाही. 2023 च्या डिसेंबरमध्ये एमएलएसनं आपले मुख्य संघ या चषकातून काढून घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा चाहत्यांच्या स्टँडमधून मोठा विरोध झाला, आणि पुढच्या वर्षी काही मुख्य संघ तरी उतरवावे लागले. दूर भारतात बसून पाहणाऱ्याला मी डेट्रॉइट सिटी सुचवेन, आणि ज्याला वर्षातून तीनच महिने द्यायचे आहेत त्याला व्हरमाँट ग्रीन.

न्यू जर्सीतल्या वाचकासाठी एक वेगळा पेच आहे. पेलेच्या काळातला, 1977 मध्ये कोलकात्यात मोहन बागानशी 2–2 बरोबरीत खेळलेला न्यूयॉर्क कॉसमॉस 2026 पासून लीग वनमध्ये परतत असल्याची घोषणा झाली. घर पॅटरसनमधलं, कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल लीगचा इतिहास जपणारं हिंचलिफ स्टेडियम. नाव जगप्रसिद्ध आहे, पण हे नाव याआधी एकापेक्षा जास्त वेळा विझलेलं आहे. पॅटरसनची शाळकरी मुलं, तिथले पेरूहून आणि बांगलादेशातून आलेले रहिवासी त्या स्टँडमध्ये दिसतात का, की फक्त हडसनपलीकडून जुन्या आठवणी घेऊन आलेले प्रेक्षक, हे पहिले दोन हंगाम तिकीट काढून पाहावं, आणि मगच हंगामी पासाचे पैसे भरावेत.